पदाच्या माथ्यावरची ओळ

संगीत नाटकांची जुनी छापील पुस्तके ज्यांनी हाताळली असतील त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली असेलच. पदाच्या माथ्यावर, कंसात, बारीक टाइपात एक ओळ असावयाची. प्रथम ‘चाल’ हा शब्द, आणि त्यापुढे दुसऱ्याच एखाद्या गाण्याचे पहिले दोनतीन शब्द. कधी हिंदी, कधी कानडी, कधी गुजराती, तर कधी मराठीच, पण नाटकाच्या कथानकाशी काडीचा संबंध नसलेले. वाचक ती ओळ ओलांडून पदाकडे वळे. गाणाऱ्याचे मात्र त्या ओळीवाचून अडे. कारण पुस्तकात स्वरलिपी नसे, आणि पद कसे म्हणावयाचे याचा पत्ता काय तो त्या दोनतीन शब्दांतच लिहिलेला असे.

मराठी संगीताच्या इतिहासात या बारीक ओळीचे मोल पदाहून कमी नाही. पदाला आधार देणारे स्वर दुसऱ्याकडून आणलेले आहेत, आणि कोठून आणले हे लपविण्याचे कारण नाही, असे सांगणारी ती उघड पावती होय. एकाने बांधलेल्या स्वररचनेवर दुसऱ्याने आपले घर उभारावे ही गोष्ट त्या काळी कोणास लाजिरवाणी वाटत नव्हती. वाटावयास नको होती ती घेतल्याची लाज. ज्याचे घेतले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र निराळा आहे, आणि त्याचे उत्तर तितके सुखाचे नाही.

असा प्रघात नाटकवाल्यांनीच प्रथम पाडला असे समजू नये. मराठवाड्यातील रसिकांना याहून पुष्कळ जुना दाखला नांदेडात, गोदावरीच्या काठीच मिळण्यासारखा आहे. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली जेथे देह ठेवला तेथे सचखंड गुरुद्वारा उभा आहे. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात ती वास्तू बांधविली. शीख पंथात पहाटेच्या कीर्तनात गुरु नानकांची ‘आसा दी वार’ गाण्याची वहिवाट आहे. वार म्हणजे पंजाबी पोवाडाच. १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथापासून चालत आलेल्या या पवित्र ग्रंथात बावीस वारा आहेत, आणि त्यांपैकी नऊ वारांच्या माथ्यावर, ही वार अमुक एका पोवाड्याच्या धुनीवर गावी, अशी सूचना लिहिलेली आहे. ‘आसा दी वार’ गावयाची ती टुंड्या असराजाच्या पोवाड्याच्या धुनीवर. हा असराज म्हणजे सावत्र आईच्या खोट्या आळापायी हात गमावलेला राजपुत्र. त्याचा पोवाडा ढाढी लोक गावोगाव गात असत. राजवाड्यातील कपटाची ती कथा, आणि तिचे स्वर घेतले ईश्वरस्तुतीसाठी! घेणाऱ्यांनी त्यात कमीपणा मानला नाही. उलट धर्मग्रंथातच त्या पोवाड्याचे नाव नोंदवून ठेवले. पुढे तो पोवाडा मागे पडला. आज असराजाचे नाव टिकून आहे ते या एका नोंदीच्या बळावर.

त्याच ग्रंथात नामदेवांच्या नावाची एकसष्ट पदे रागवार लावलेली आहेत. नामदेवांची नरसी ही नांदेडच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात येते. महाराष्ट्रात ज्या संताचे अभंग टाळ-मृदंगावर, वारकऱ्यांच्या ठेक्यात चालतात, त्याच संताच्या नावाची पदे नांदेडच्या गुरुद्वारात रागी मंडळींच्या तोंडी निराळ्या थाटाने उभी राहतात. एका वाणीला दोन प्रांतांनी दोन प्रकारचे स्वर दिले, आणि त्यांची गाठ पुन्हा मराठी मुलखातच पडली.

युरोपातील थोर रचनाकारांनीही हेच केले आहे. जर्मनीतील बाख याने इटलीतील विवाल्डी याच्या रचना स्वतःच्या हाताने दुसऱ्या वाद्यांसाठी बांधल्या. चार व्हायोलिनांसाठी असलेली एक रचना त्याने चार हार्प्सिकॉर्डांना दिली. हँडेलचा ‘मसीहा’ मोझार्टने १७८९ साली आपल्या काळच्या वाद्यमेळास शोभेल अशा रीतीने नव्याने सजविला. तेथे स्वर कागदावर लिहिण्याची परंपरा असल्यामुळे मूळ व नवे यांची तुलना आज कोणासही करता येते. भारतात स्वर गळ्यात राहिले. म्हणून येथे त्या कंसातल्या ओळीवर इतका भार पडला.

मराठी रंगभूमीवर ही देवघेव नांवारूपास आणली ती अण्णासाहेब किर्लोस्करांनी. पारशी मंडळींचे उर्दू ‘इंद्रसभा’ पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली असे सांगतात. १८८० साली पुण्यास त्यांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८८२ साली ‘सौभद्र’. ‘शाकुंतला’त पदांची संख्या दोनशेच्या आसपास आहे. एवढ्या पदांना नव्या चाली बांधीत बसण्याच्या भरीस अण्णासाहेब पडले नाहीत. कीर्तनकारांची साकी, दिंडी आणि कामदा, तमाशातील लावणी, बायकांची गाणी, बैठकीतील चिजा, जेथे जे रसाळ दिसले ते त्यांनी उचलले. ते मूळचे बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. तेव्हा कानडी गाणी त्यांच्या कानांवर मराठी गाण्यांइतकीच होती, आणि तीही या नाटकांत आली. त्यांचे खरे कसब निवडीत होते. कोणत्या प्रसंगाला कोणती चाल शोभेल, लग्नघरातील ठसक्याची चाल कोणाच्या तोंडी घालावी आणि कीर्तनातील शांत चाल कोणाच्या, हे त्यांना अचूक कळे. श्रोत्यास चाल ओळखीची असे, म्हणून शब्द पहिल्याच खेपेस मनात उतरत.

दक्षिणेकडून येणाऱ्या चालींबरोबर मराठी चालीही दक्षिणेकडे जात होत्या, हे मात्र बहुधा विसरले जाते. तंजावर येथे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते. तेथे गेलेल्या मराठी कीर्तनकारांच्या साक्या, दिंड्या आणि ओव्या ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तामिळ हरिकथेची नवी धाटणी बसविली, आणि हे मराठी छंद तिकडील कथेत कायमचे रुजले. त्याआधीच्या पिढीत मुत्तुस्वामी दीक्षितांनी तर इंग्रजांच्या बँडवर वाजणाऱ्या चालींवर संस्कृत शब्द बसविले होते. त्यांत इंग्रजांचे राजगीतसुद्धा सुटले नाही. राजाच्या आयुरारोग्याची प्रार्थना तेथे देवीची स्तुती होऊन बसली.

किर्लोस्करांच्या मागून श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आले. त्यांच्या ‘वीरतनया’ने १८९६ साली साकी-दिंडीस रजा दिली आणि पारशी रंगभूमीवरील उर्दू-गुजराती चालींचा लोंढा आणला. या चाली चटकदार होत्या, पण शब्दांशी त्यांचे सख्य नव्हते. मराठी शब्दाची मान कोठे मुरगळली जाते, लघूचा गुरू कोठे होतो, याची पर्वा ठेवली गेली नाही. त्यामुळे पद ऐकताना पुष्कळदा अर्थ लागण्यापूर्वीच ते संपून जाई. १८९९ साली देवलांच्या ‘शारदे’ने पुन्हा सोप्या, घरगुती चालींचा आश्रय केला, आणि लोकांनी ती पदे मुखोद्गत केली. दोघांनीही दुसऱ्यांच्याच चाली घेतल्या होत्या. एकाला जे साधले ते दुसऱ्याला साधले नाही, इतकेच.

१९११ हे वर्ष येथे दोन कारणांनी आठवावे लागते. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात किर्लोस्कर मंडळीने मुंबईस खाडिलकरांचे ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. टेंबे हे पेटीवादनात नामांकित. थोर गायक-गायिकांच्या बैठकींत त्यांनी कान तयार केलेला. पूर्वेकडील ठुमरी, दादरा आणि कजरी यांचा लडिवाळपणा त्यांनी मराठी पदांत आणला आणि बालगंधर्वांच्या गळ्यात तो असा काही बसला की, मराठी नाटकाच्या गाण्याचे वळणच पालटले. त्याच वर्षी बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद रूळ लातूरपर्यंत येऊन पोहोचला. नांदेडास हैदराबाद-मनमाड मार्गाने आगगाडी त्यापूर्वीच, १९०० च्या सुमारास आलेली होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. पुण्यामुंबईच्या नाटकगृहांत नित्य जाऊन बसणे येथल्या रसिकांस कोठले परवडणार! परंतु नाटकाची पुस्तके, पेटी आणि ग्रामोफोनच्या तबकड्या यांना आगगाडीची वाट खुली झाली. बनारस-लखनौकडील चाल पुण्यात मराठी शब्द लेवून अशी लातूरच्या पेठेपर्यंत येण्याची सोय झाली.

यानंतर भास्करबुवा बखले यांचे नाव घ्यावयाचे, आणि तेथे मात्र थोडे थांबले पाहिजे. बुवांनी (१८६९ ते १९२२) फैज महंमदखाँ, नत्थनखाँ आणि अल्लादियाखाँ अशा तीन थोर गायकांकडून विद्या मिळविली होती. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांच्या चिजा त्यांच्या पोटात होत्या. १९१६ च्या डिसेंबरात गंधर्व मंडळीने ‘स्वयंवर’ केले तेव्हा बुवांनी ख्यालाच्या बंदिशीच नाटकाच्या कामी लावल्या. काम दिसते तितके सोपे नव्हते. विलंबित ख्याल अर्धा-पाऊण तास चालतो. त्याचे शब्द मोजके, आणि त्यांचा अर्थ पुरता कळला नाही तरी बैठकीत कोणाचे बिघडत नाही. रंगभूमीवर रुक्मिणीला काय वाटते हे प्रेक्षकास प्रत्येक शब्दागणिक कळले पाहिजे. म्हणून बुवांनी लय उचलली, मुखड्याचा डौल आणि समेवर येण्याची ऐट राखली, रागाचे मुख्य अंग पहिल्या दोन ओळींतच उभे केले, आणि विस्तारासाठी जागा ठेवली ती नटाच्या दमाप्रमाणे व प्रसंगाच्या सोसण्याप्रमाणे. ‘स्वयंवरा’तील यमन, बिहाग आणि भूप या रागांतली पदे ऐकून ज्यांनी पुढे ख्याल ऐकला त्यांना तो राग परका वाटला नाही. हजारो मराठी घरांना यमनाची ओळख कोणा उस्तादाने करून दिली नाही, ती रुक्मिणीने करून दिली.

परंतु याच ठिकाणी एक हानी झाली, आणि ती कोणाच्या दुष्टाव्याने झाली असे नाही. ख्याल बांधणारा आपले नाव चिजेतच गोवीत असे. दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील नियामतखाँ हा ‘सदारंग’ या नावाने चिजा बांधी, आणि ते नाव अंतऱ्यात येई. शेकडो वर्षे गायक ती चीज गात आले, आणि गाता गाता बांधणाऱ्याचे नावही घेत आले. यासाठी निराळी वही ठेवावी लागली नाही. आता त्या चिजेचे हिंदी शब्द काढून तेथे मराठी शब्द बसविले की काय होते? स्वर राहतात, ताल राहतो, समेची जागाही राहते. जाते ती नाममुद्रा, कारण ती शब्दांत होती. जे नाव दोन शतके गळ्यातून गळ्यात चालत आले ते भाषा बदलताच गळून पडले. त्यानंतर मूळ चिजेची आठवण राहिली ती केवळ त्या कंसातल्या ओळीत. आणि त्या ओळीतही असतो तो चिजेचा आरंभ, बांधणाऱ्याचे नाव नसतेच.

स्त्रियांच्या वाट्यास तर याहून अधिक विस्मृती आली. ठुमरी, दादरा, कजरी ही गाणी ज्यांच्या बैठकींतून आली त्या बहुतेक कलावंत गायिकाच होत्या. ‘चाल’ म्हणून त्यांच्या गाण्याचा पहिला चरण पुस्तकात छापला गेला. गाणारीचे नाव छापण्याचे कोणाच्या मनात आले नाही. १९१९ साली गडकऱ्यांच्या निधनानंतर ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, त्याच्या चालींसाठी बालगंधर्वांनी सुंदराबाई जाधव यांच्याकडे धाव घेतली. सुंदराबाईंचे नाव तरी आज ठाऊक आहे, कारण त्या स्वतः नामांकित होत्या आणि पुढे त्यांच्या तबकड्याही निघाल्या. ज्यांच्या तबकड्या निघाल्या नाहीत त्यांचे काय झाले ते सांगावयास नको.

नाव लिहिले म्हणजे सारे निभावले असेही नाही. ब्राम्स या जर्मन रचनाकाराने १८७३ साली हायडनच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या एका स्वररचनेवर आपली प्रसिद्ध रूपांतरे रचली. पुढील संशोधकांना ती मूळ रचना हायडनची नसावी असे दिसून आले. तरी जगभर त्या कृतीवर हायडनचेच नाव चालते. तेथे खोटे नाव चिकटले, येथे खरे नाव सुटले.

घराणेदार गवई आपल्या चिजा झाकून ठेवीत, याची पुष्कळांनी थट्टा केली आहे. ती थट्टा सर्वस्वी न्यायाची नाही. ज्याच्याजवळ जमीन नाही, वतन नाही, त्याची चीज हीच त्याची मिळकत. ती एकदा चारचौघांच्या कानी पडली की तिच्यावर त्याचा ताबा राहत नसे, आणि नाटकात गेली म्हणजे तर तिकीट काढणाऱ्या कोणाचीही झाली. पंडित भातखंडे यांनी घरोघर फिरून, आर्जवे करून चिजा मिळविल्या व ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या भागांत स्वरलिपीसह छापल्या, तेव्हा त्यांनाही या अविश्वासाशी झगडावे लागले. त्यांनी मात्र शब्द बदलले नाहीत, त्यामुळे मुद्राही वाचली. स्वतः रचना केली ती ‘चतुर’ या नावाने. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी ‘सुजन’ या मुद्रेने चिजा बांधल्या, आणि कर्नाटकी वर्णमाच्या धर्तीवर हिंदुस्थानी रागांतही रचना केल्या. जुन्या विलंबित चिजेला शोभेल अशी नवी द्रुत चीज बांधून तिची ‘जोड’ लावावयाची, हाही गवयांचा जुना रिवाज. त्यात पूर्वसूरीचे घेणे आहे आणि त्याला त्याच्या जागी राहू देणेही आहे. उसनवारीचा याहून सभ्य प्रकार सापडणे कठीण.

हा ताबा कोणाचा, या प्रश्नावर पुढे एक उत्तम नाटकच लिहिले गेले. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेबाच्या घरी सदाशिव नावाचा तरुण चाकरी पत्करतो आणि चोरून गाणे शिकतो. आणि त्या खाँसाहेबाला दरबाराने दिलेल्या कट्यारीने एक खून माफ आहे. घराण्याची विद्या ऐकून उचलणे हा अपराध की भक्ती, याचा निवाडा तेथे प्राणावर येऊन ठेपतो. या नाटकास जितेंद्र अभिषेकींनी संगीत दिले, आणि एकच पद दोन गायकांच्या दोन धाटणींत बांधून दाखविले. त्यापूर्वी कित्येक वर्षे मास्टर दीनानाथांनी ‘मानापमाना’तील पदांना आपल्या तेजस्वी गळ्याचे निराळे रूप दिलेच होते. टेंब्यांच्या चालींची गोडी ज्यांच्या कानांत बसली होती त्यांपैकी कित्येकांना ते रुचले नसेल. परंतु ठुमरीवरून पद करणाऱ्याने, आपल्या पदावरून दुसऱ्याने काही करू नये असा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता, आणि टेंब्यांसारख्या रसिकास ते कळत होते असेच म्हटले पाहिजे.

मराठवाड्यात या चालींचा आणखी एक उपयोग झाला. निजामी अमदानीत सभा-संमेलनांवर निर्बंध असत. गणेशोत्सवाचे मेळे आणि भजने यांना त्या मानाने वाव मिळे. मेळ्यांच्या पदकर्त्यांनी नाटकातल्या गाजलेल्या चाली घेतल्या आणि त्यांवर समाजाला जागे करणारे शब्द बसविले. चाल सर्वांना पाठ, म्हणून तालमीचे निम्मे काम आधीच झालेले. आणि एका संध्याकाळी ऐकलेले शब्द दुसऱ्या दिवशी पेठेत गुणगुणले जावेत, यात नवल नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. त्या पदांतील बहुतेक शब्द त्या प्रसंगाबरोबरच विरले.

भजनात मात्र उलट घडले. मराठी संतांचे अभंग गंधर्व मंडळीने १९३१ साली ‘कान्होपात्रा’ नाटकात घेतले आणि मास्टर कृष्णरावांनी त्यांना चाली दिल्या. बुवा भास्करबुवांचे शिष्य. ख्यालाचा व्यासंग दांडगा. तरी भजनी ठेक्याची लाज त्यांनी कधी वाटून घेतली नाही. त्या नाटकातील शेवटचा भैरवीतला अभंग पुढे रंगभूमीवरून खाली उतरला आणि भजनी मंडळींत जाऊन बसला. नांदेड-लातूरकडील खेड्यांतही भजनाच्या अखेरीस भैरवी म्हणून तो गाइला जातो. गाणाऱ्यांपैकी अनेकांनी ‘कान्होपात्रा’ हे नाटक पाहिलेले नसते, आणि ती चाल कोणी बांधली हे तर त्यांच्या गावीही नसते. अभंग कान्होपात्रेचा आहे, हे मात्र प्रत्येकाला ठाऊक असते. कारण तिचे नाव अभंगाच्या शेवटच्या चरणात आहे, आणि ते काढून टाकण्याची कोणास छाती झालेली नाही.

जत्रेत व देवळांपाशी भजनांची लहान लहान पुस्तके विकावयास असतात. त्यांतील पदांवर अजूनही कंसात ‘चाल’ छापलेली आढळते. पुढे नाव असते ते आता बहुधा एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे.